लार्सची गाय

"मुळा द्यायचा तर धड दे गं बाई, माझ्या सासऱ्याच्या बोटांसारखा सुरकुतलेला नको," असं माझ्या पाठीमागं कुणीतरी म्हणालं आणि माझ्या हातातली मोहरीच्या पाल्याची जुडी खाली पडली. असनच्या बाजारात संध्याकाळी कोण काय बोलतं याकडं कुणाचं लक्ष नसतं. पण हे वाक्य माझ्या आजीचं होतं, आणि आजीला जाऊन जमाना झाला. शिवाय आवाज पुरुषाचा. नेवारी, आमच्या घरची भाषा, मात्र अस्सल, आमच्या जुन्या झोछेंच्या गल्लीतली, जुन्या बायकांच्या तोंडची. तशी नेवारी आता आमच्या बांशिवाय, म्हणजे वडिलांशिवाय, कुणी बोलत नाही. मी वळून पाहिलं. टक्कल पडलेला, पाठीत किंचित वाकलेला एक गोरा माणूस कापडी पिशवी उघडून उभा होता आणि भाजीवाली हसून लोळायच्या बेतात होती. "तुला सासरा तरी आहे का रे साहेब?" ती म्हणाली. तो गंभीरपणे म्हणाला, "नाही. पण मुळ्याबद्दल असंच बोलायचं असतं ना?" तो लार्स होता. मी जुडी उचलली नाही. तांब्यापितळेच्या दुकानाआड जाऊन घागरी बघत असल्यासारखी उभी राहिले.

ओळखीचं माणूस इतक्या वर्षांनी दिसलं तर आनंद व्हावा. मला राग आला. कशाचा ते चटकन सांगता येईना. हा माणूस टक्कल पाडून, भाजीची घासाघीस करत, मजेत जिवंत होता याचाच बहुतेक. आमच्या घरी तो मेलेला होता. आमच्या घरानं त्याची गाय फिरवली होती. बा आता पंच्याऐंशीचे आहेत, माझ्याच घरी असतात, आणि त्यांच्यासमोर लार्सचं नाव आम्ही कुणी काढत नाही. माझ्या नवऱ्यालासुद्धा लग्नाच्या पहिल्या महिन्यातच सांगून ठेवलं होतं. माझी निम्मी हयात या एका नावावर झाकण ठेवण्यात गेली, आणि ते नाव इथं माझ्या आजीच्या जिभेनं मुळे घेत होतं. घरी जावं, दिव्याला वात लावावी, बांना भात वाढावा आणि काही पाहिलंच नाही असं म्हणावं. तेवढ्यासाठी मी पाच पावलं गेलेसुद्धा. मग नाकात एकदम केळ्याच्या केकचा वास आला. असनमध्ये केळ्याचा केक कुठला यायला? तो वास झोछेंचा होता, माझ्या लहानपणचा.

माझ्या लहानपणी झोछेंत केकचा, चरसचा, ओल्या लोकरीचा आणि आमच्या घरातल्या सरसाचा वास एकत्र यायचा. मला वाटायचं, जगात सगळीकडं असाच येत असेल. हिप्पी आले तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. आधी एक आला, मग पाच, मग गल्लीच त्यांची झाली. ते अनवाणी चालायचे आणि आम्ही पोरं नवीन चपलेसाठी रडायचो. आमच्या माणसांना मांस दसऱ्यालाच परवडायचं आणि त्यांच्यातल्या निम्म्यांनी मांस सोडलेलं. आजी खिडकीत बसून त्यांचा हिशेब मांडायची. "यांना घरी आया नाहीत का गं? एवढाली पोरं, केसांत उवा, आणि हसतात कशी बघ." एकदा एक सोनेरी केसांची बाई चौकातल्या पाण्याच्या दगडी धारेवर उघडीच न्हायला बसली. सगळी गल्ली गोळा झाली. आजी दोन मजले धडधडत उतरली, आपली शाल तिच्या अंगावर टाकली आणि गल्लीला म्हणाली, "तुमच्या घरी बायका न्हात नाहीत वाटतं? का तिथं नुसत्या भिंतीच पाहत बसता?" ती शाल परत आली नाही. पुढं त्या बाईनं ती गळ्यात गुंडाळून सबंध हिवाळा काढला आणि दिसली की आजीला नमस्कार करायची. आजी म्हणायची, "माझी शाल गेली बघ, मला नमस्कार करतेय." माझा धाकटा भाऊ तेजमान त्यांच्या मागं ओरडत फिरायचा आणि त्यांच्याचकडून बिस्किटं घ्यायचा. मला त्यांची भाषा आली ती कशी आली ते माहीत नाही. पावसात अंग भिजावं तशी आली.

बा चित्रकार. आमची जातच ती, आडनाव तेच. देवांचे पट रंगवायचे, लग्नाच्या घरी दारावर नाग काढायचे आणि गाईजात्रेच्या आधी कागदाचे गाईचे मुखवटे रंगवायचे. वर्षभरात ज्या घरी माणूस गेलं त्या घरातलं पोर त्या दिवशी मुखवटा बांधून, मागं लांब शेपूट सोडून, सबंध शहर फिरतं. यमाचं दार त्या दिवशी उघडतं आणि गेलेला जीव शेपटीला धरून पार होतो. बांच्या गाईचे डोळे इतके मायाळू असत की लोक म्हणायचे, आशामानची गाय बांधली की म्हातारा वाटेत अडकत नाही. तर लार्स आला तो या बांकडं चित्र शिकायला. आमच्यात गुरूकडं जाण्याची एक रीत असते. गुरू नाही म्हणतो. तरी उंबऱ्यावर बसायचं. पुन्हा नाही म्हणतो. तरी बसायचं. तिसऱ्यांदा नाही म्हटल्यावरही जो उठत नाही त्याला आत घेतात. बा तीनदा नाही म्हणाले आणि लार्स उठला नाही. दिवसभर जिन्याच्या पायरीवर पोटाशी पाय घेऊन बसला. संध्याकाळी बा भारावून म्हणाले, "परदेशी असून निष्ठा बघा! ये रे, वर ये." पुढं लार्सनंच मला सांगितलं की त्याचं पोट असं बिघडलं होतं की उठायची सोयच नव्हती. आम्ही दोघं हसून हसून रडलो. बांना ते कधीच कळलं नाही. त्याला स्वयंपाकघरात, सगळ्यात वरच्या मजल्यावर, येऊ देत नसत. पण खालच्या माळ्यावर आजी त्याला स्वतः पोहे आणि घट्ट दही आणून द्यायची. तिला 'लार्स' म्हणता यायचं नाही. "ल्हासा, खा रे ल्हासा," म्हणायची. तिच्या मामाचं ल्हासाला दुकान होतं, ते नाव तिच्या तोंडात बसलेलं होतं.

आणि मी तिथं कशी? मुलीला चित्राचा हात शिकवत नाहीत. मुलगी दुसऱ्याच्या घरी जाणार, हात घेऊन जाणार. रंग खलणं, सरस उकळणं इतपतच आमचं. पण लार्सला पहिले काही महिने नेवारी येत नव्हती आणि बांना त्याची भाषा. म्हणून मधली जीभ म्हणून मला बसवलं. नुसतं कसं बसायचं? मी पाटीवर काढायला लागले. डोळा, पुन्हा डोळा, मग कमळाची पाकळी, मग पुन्हा डोळा. लार्सला नेवारी आली तरी मला उठ असं कुणी म्हणालं नाही. बा लार्सच्या रेषेवर तासभर बोलायचे: इथं श्वास सोडलास, इथं घाई केलीस, देवाचा डोळा आहे, मासा नाही. मग माझ्या पाटीवर नजर टाकायचे आणि काही न बोलता पुढं जायचे. खिडकीतून खालच्या गिटारी ऐकू यायच्या, सरस रटरटत असायचा, आणि मला वाटायचं हे असंच चालणार. तेवढी सुखी मी पुढं कधीच नव्हते. हे नवऱ्याला सांगितलं तर त्याला वाईट वाटेल, पण खरं ते खरं.

मग एका उन्हाळ्यात सरकारनं चरसची दुकानं बंद केली आणि गल्ली महिन्याभरात ओस पडली. ज्यांचे व्हिसे संपले होते त्यांना बसमध्ये घालून सरहद्दीवर सोडलं. लार्सही त्यात गेला. चरस तो ओढतही नव्हता, ओढला की हात कापतो म्हणून बांनी बंदी घातली होती. पण कागद संपला म्हणजे संपला. बसच्या खिडकीतून म्हणाला, "बांना सांग, दसऱ्यानंतर येतो. तारादेवीचा डोळा अर्धा ठेवलाय, त्याला हात लावू नका." थोड्याच दिवसांत बनारसहून परतलेल्या एका मुलीनं निरोप आणला की लार्स काविळीनं गेला आणि त्याला तिथंच घाटावर जाळलं. बा दोन दिवस जेवले नाहीत. तोंडावर गाईजात्रा आलेली. आजी म्हणाली, "त्याचं इथं कोण आहे? त्याच्या देशात गाई फिरतात का? माझ्या हातचं दही खाल्लंय त्यानं. वाटेत अडकून राहिला तर मला स्वप्नात येईल." बांना धास्ती होती. परजातीच्या, परदेशी माणसाची गाय फिरवायची म्हणजे शेजारी तोंडात बोट घालणार. मग त्या रात्री त्यांनी आयुष्यातली सगळ्यात सुंदर गाय रंगवली. तेजमान ती बांधून शहरभर फिरला. लोकांनी त्याच्या ओंजळीत दूध, फळं, रोट्या दिल्या आणि विचारलं, "कुणाची रे गाय?" तो म्हणाला, "आमच्या लार्सदाईची." दाई म्हणजे आमच्यात थोरला भाऊ. मी शेपूट धरून मागून चालत होते आणि मला रडू आवरत नव्हतं.

दसरा झाला, आणि लार्स गल्लीत आला. धडधाकट. मेला तो दुसराच कुणी लार्स होता. त्यांच्याकडं ते नाव आपल्या रामकृष्णासारखंच घरोघरी असतं. गल्ली आधी घाबरली आणि मग हसत सुटली. "आशामानची गाय गोठ्यात परत आली!" "यमानं हाकलला वाटतं, केस बघून!" आजी तेवढी खरी शहाणी. ती टाळ्या वाजवत म्हणाली, "मेलेला परत आला तर त्याचं पुन्हा बारसं करतात. ब्राह्मणाला बोलवा, तुपादुधानं न्हाऊ घालू, पाळण्यात घालू मेल्याला, नाव ल्हासाच ठेवू!" पण बांच्या कानात फक्त गल्लीचं हसणं शिरलं. जिवंत माणसाला गाय लावणारा चित्रकार! त्याच्या गाईवर उद्या कोण भरवसा ठेवणार? लार्स जिना चढत होता. बा वर उंबऱ्याच्या आत, पाठ करून उभे. मी मधल्या पायऱ्यांवर पाण्याची घागर घेऊन. बा न वळता म्हणाले, "ज्याची गाय मी फिरवली त्याला मी निरोप दिला. हा कोण आलाय मला माहीत नाही. जा." लार्सला नेवारी आता पुरती कळत होती. तो पांढरा पडला. वाकून त्यानं पायरीला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि माझ्या शेजारून खाली उतरून गेला. घागर जड होती एवढंच मला आठवतं, आणि ती कुठं ठेवावी हे सुचलं नाही.

पुढच्या गाईजात्रेला दोन पोरं लांब केसांचे टोप घालून, तिरडीवर बसून, केळी खात आमच्या घरावरून मिरवत गेली. त्या दिवशी टिंगलीला मुभाच असते, राजालाही सोडत नाहीत, रागवायचं नसतं. बांनी खिडकी लावून घेतली. त्या वर्षी त्यांच्या निम्म्या गाई घरातच राहिल्या. मग त्यांनी तेजमानलाही शिकवायचं सोडलं. तो आता मेलबर्नला टॅक्सी चालवतो. आणि मला म्हणाले, "ऊठ, इथं बसू नकोस आता. आईला मदत कर." मी उठले. पुढं शाळा, ऑफिस, लग्न, ऑफिस. बेरजा करणारा माणूस कागदाच्या कडेला जसं काहीबाही काढतो तसे डोळे मी काढत राहिले आणि शिपायानं ते रद्दीत घातले.

घागरींच्या आडून मी बाहेर आले तेव्हा तो अन्नपूर्णेच्या देवळाच्या पायरीवर बसून मुळ्याची माती पुसत होता. मी समोर जाऊन उभी राहिले. त्यानं वर पाहिलं, बराच वेळ पाहिलं. "हेरा?" "हो." "केवढी म्हातारी झालीस गं!" "आणि तू काय तरुण दिसतोयस? डोक्यावर तारादेवीच्या मूर्तीची झिलई आलीय." तो हसला, आणि मग हसता हसता त्याचा चेहरा विस्कटला. "बा?" त्यानं विचारलं. 'आहेत' म्हटल्यावर त्यानं मुळ्यांकडंच पाहिलं. म्हणाला, आल्यापासून आठवडाभर रोज झोछेंला जातो, घराच्या जागी हॉटेल झालंय, विचारायला धीर होत नव्हता, म्हातारी माणसं गेलेलीच असतात. मग म्हणाला, "मला भेटायचं नाही. तेव्हा त्यांनी नाही म्हटलं होतं. त्यांचा शब्द मी मोडणार नाही." त्या शब्दापायी मी काय काय मोडलेलं पाहिलं होतं ते माझ्या ओठांवर आलं होतं. मी एवढंच म्हणाले, "चल. नाही म्हणतील तर माझ्यासमोर म्हणू देत." आम्ही टॅक्सी केली. मला भीती वाटत होती. पंच्याऐंशीचं काळीज. पुन्हा तसंच पाठ करून उभे राहिले, तर हा माणूस दुसऱ्यांदा मरणार आणि त्याला मीच घेऊन चाललेय. पिशवीत मुळे एकमेकांवर आदळत होते.

वीज गेलेली होती, पण खिडकीत अजून उजेड होता. बा तिथं खुर्चीत बसले होते. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना दूरचं बरं दिसतं. लार्स दारात थांबला, चपला काढून, आत न येता. मी म्हटलं, "बा, कुणी आलंय." त्यांनी पाहिलं. बा म्हणाले, "किती उशीर केलास रे." आवाजात राग नव्हता. बाजारातून यायला उशीर झालेल्या माणसाला म्हणावं तसे म्हणाले. लार्स दारातच गुडघ्यावर बसला. "तुम्ही जा म्हणालात," तो म्हणाला. "म्हणालो ना. एकदाच म्हणालो." बांनी बोट वर केलं. "पहिल्या खेपेला तीनदा म्हटलं तरी हलला नव्हतास. मला वाटलं आताही बसशील. गल्ली हसत होती, मी लगेच कसा हो म्हणणार? दोनदा आणखी नाही म्हटलं असतं, मग घेतलं असतं आत. कडी काढून ठेवली होती मी. दिवाळीपर्यंत."

लार्स हळूच म्हणाला, "आमच्यात नाही म्हटलं की नाहीच असतं, बा. पुन्हा दार वाजवणं म्हणजे उद्धटपणा. मी कुमारीच्या देवळासमोरच्या पायऱ्यांवर बसत होतो, रोज. म्हटलं, बांचं मन बदललं तर कुणाला तरी पाठवतील. हेराला पाठवतील." ते देऊळ आमच्या दारापासून हाकेच्या अंतरावर होतं. मी त्या दिवसांत त्याच बाजूला पाणी आणायला जायचे, पण मागच्या बोळानं, कारण पुढून गेलं की पोरं टिंगल करायची. बा हसले, दात नसलेल्या तोंडानं, खूप वेळ. लार्सही डोळे पुसत हसायला लागला. मला हसता येईना. मी चहाला गेले. दोन खोल्यांचं घर, सगळं ऐकू येतं. बा विचारत होते, "काढतोस का काही?" लार्स म्हणाला, "नाही. पोस्टात होतो. निवृत्त झालो." बा म्हणाले, "बरं झालं. तुझी रेष नव्हतीच चांगली. कष्टाळू होतास."

मी चहा घेऊन आले तेव्हा बा त्याला सांगत होते, मी तिथं नाहीच अशा थाटात, "रेष होती ती हिची. तुझ्यापेक्षा, तेजमानपेक्षा. माझ्यापेक्षा म्हणालास तरी चालेल. पाटीवर बघायचो मी. तिला सांगण्यासारखं काही नसायचंच." लार्स माझ्याकडं पाहत होता. त्यानं विचारलं, "मग तिला का नाही शिकवलंत?" बांनी कप घेतला, फुंकर घातली. "ऊठ म्हणालो," ते म्हणाले. "उठली. एकदाच म्हणालो होतो. मला काय माहीत ती लगेच उठेल?"